जाळी पाच फुटांची, कोल्हा चार बोटांतून

मी वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात कुंपणाची कामं घेतो. खांब गाडणं, जाळी ताणणं, झटका मशीन (तारेत विजेचा झटका सोडणारं) बसवणं, फाटकं लावणं. बहुतेक कामं वावरांची असतात, रोही (नीलगाय) आणि डुकरांपायी. घरामागच्या सांदवाडीचं काम वर्षातून चार-दोन येतं, आणि आलं की आम्ही ते एका दिवसात उरकतो. खाली लिहितोय ते अशाच एका उरकलेल्या कामाबद्दल. जाळी मीच लावली होती, म्हणून कोल्हा कुठून शिरला ते शोधायची पाळीही माझ्यावरच आली. घरच्या बाईंचं आणि गावाचं नाव देत नाही. त्यांना मी मावशी म्हणतो, इथंही तेच.

जागा

घर गावाच्या शेवटच्या ओळीतलं. मागे ४० फूट लांब आणि ३० फूट रुंद सांदवाडी, तिच्या मागून पांदण जाते, पांदणीपलीकडे नाला. नाल्याच्या काठाला बोरी, बाभळी आणि रुईची दाटी. त्यापुढे वावरं लागतात: सोयाबीन, तूर, पऱ्हाटी (कपाशी). वाडीत वांगी, टमाटर, सांभार (कोथिंबीर), जाळीवर चढवलेले पोपटाचे (वालाचे) वेल, उन्हाळ्यात पाणी देऊन काढलेली काकडी. आणि १७ गावरान कोंबड्या. मावशी एकट्याच राहतात. मुलगा हिंगणघाटला जिनिंगमध्ये कामाला, महिन्यातून दोनदा येतो. अंड्यांवर मावशींचा किराणा निघतो, त्यामुळे एक कोंबडी गेली तरी त्यांच्या हिशेबात ती दिसते.

जाळी लावली ती दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर. एका बाजूला घराची भिंत, उरलेल्या तीन बाजूंना मिळून ११० फूट. दहा-दहा फुटांवर सिमेंटचे खांब आणि पाच फुटांची चेनलिंक जाळी. मावशींनी चार फुटांची मागितली होती, मीच पाच फुटांची घ्यायला लावली. म्हटलं, कोल्हा चार फूट सहज चढतो. खाली जाळी ओल्या मातीला नीट टेकली होती, मी वाकून हात फिरवून पाहिलं होतं. पावसाळा गेला, हिवाळा गेला, एक पीस हललं नाही.

मार्चमध्ये फोन आला.

"भाऊ, तुमच्या जाळीतून कोल्हा येते जी. आठ दिवसांत तीन कोंबड्या नेल्या."

कुंपणवाला जे म्हणतो तेच मी म्हटलं. फाटक उघडं राहिलं असेल.

"फाटकाले मी रोज दिवे लागणीले कडी घालतो, वरून दोरी बांधतो. तुमीनंच त सांगतलं होतं."

मी कामात होतो, गेलो नाही. एप्रिल उजाडेपर्यंत नऊ कोंबड्या गेल्या आणि अकरा पिल्लं. काकड्याही अर्ध्या खाऊन टाकलेल्या. तेव्हा कुठं मी मोटारसायकल काढली.

तोवर झालेले उपाय

मी पोचलो तेव्हा वाडीभोवती जुन्या साड्या बांधलेल्या होत्या, मधोमध मावशींच्या सासऱ्यांचा सदरा घातलेलं बुजगावणं होतं आणि गोठ्याच्या वळचणीला रात्रभर जळणारा बल्ब. शेजारच्या पोराने तीन रात्री फटाके फोडले होते. साडीने दोन रात्री काम केलं, फटाक्याने चार. कोल्हा आधी लांबून बघतो, दोन-चार दिवस आवाजाने काही बिघडत नाही हे त्याच्या ध्यानात आलं की तो त्याच आवाजाच्या खालून निघून जातो. बल्बाने तर उंदीर तेवढे नीट दिसायला लागले.

दोन सल्ले मात्र असे होते की तेच ऐकून मी त्या दिवशी तिथं मुक्काम केला.

पहिला सल्ला मटणाच्या तुकड्यात दाणेदार औषध घालून नाल्यात ठेवायचा. लोक ज्याला दाणेदार म्हणतात ते बहुतेक वेळा फोरेट हे कीटकनाशक असतं. त्याच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंदी आहे, तरी कुणाच्या तरी कोठ्यात जुनी पिशवी निघतेच. ते मटण कोल्हा खाईल की गावची कुत्री, घारी, शेजाऱ्याची मांजर, हे ठेवणाऱ्याच्या हातात राहत नाही. दुसरा सल्ला थेट करंट सोडायचा. विजेच्या लाइनवर चोरून आकडा टाकायचा आणि उघडी तार जमिनीपासून वीतभर उंचीवर फिरवायची. आपल्या भागात हे नवीन नाही. एप्रिल २०१७ मध्ये नागभीड तालुक्यात 'श्रीनिवास' नावाचा वाघ, प्रसिद्ध 'जय' वाघाचा बछडा, अशाच वावरातल्या तारेवर गेला. दर पावसाळ्यात कुठला तरी कास्तकार स्वतःच्याच किंवा शेजाऱ्याच्या तारेवर मरतो, ती बातमी आतल्या पानावर येते. मावशींच्या पांदणीतून पोरं शाळेत जातात.

कायद्याचं म्हणाल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शिकार म्हणजे नुसती गोळी घालणं नाही. विष घालणं, फास लावणं, पिंजऱ्यात पकडणं, हे सगळं शिकारीतच मोजलं जातं, आणि कोल्हा संरक्षित प्राणी आहे. आकड्याची वीज ही वर आणखी चोरी. शेजारच्या काकाजींनी तिसराही मुद्दा काढला होता, की सापडलाच तर कोल्ह्याचं शिंग मिळेल, ते तिजोरीत ठेवलं की पैसा येतो. कोल्ह्याला शिंग नसतं. बाजारात विकतात ते केसाळ कातड्यात बांधलेलं काहीतरी असतं, आणि ते जवळ सापडलं तर आधी जेल येते. काकाजी रुसले.

कोण येतं ते आधी

मावशी सगळं एकट्या कोल्ह्याच्या नावावर मांडत होत्या. त्यांनी तो पाहिलाही होता, संध्याकाळी, नाल्यापलीकडे. मी विचारलं, केवढा होता?

"मांजरापेक्षा मोठा. कान हे एवढाले. शेपटीचं टोक काळंशार."

तो कोल्हा नव्हता, खोकड होतं. खोकड दोन-तीन किलोचं, बारीक पायांचं, मोठ्या कानांचं, शेपटीचं टोक ठळक काळं. कोल्हा त्याच्या तिप्पट, आठ-दहा किलोपर्यंत भरतो. खोकड वावरात उंदीर, टोळ, वाळवी, खेकडे, बोरं खात फिरतं. ते पिल्लू कधी उचलणारच नाही असं नाही, पण इथल्या नऊ मोठ्या कोंबड्या त्याच्या माथी मारण्यात अर्थ नव्हता. ज्याच्या वावरात खोकडाचं बीळ आहे त्याने ते बुजवू नये असं माझं मत आहे. उंदरांवर तेवढं काम आपल्याच्यानं होत नाही.

मग मी मावशींकडून चुलीची राख मागितली. दोन टोपली राख चाळणीतून चाळली आणि जाळीच्या आतून आणि बाहेरून हातभर रुंद पट्टा पसरला, तीन बाजूंना. फाटकासमोरही टाकला. कॅमेरा लावतात लोक, छान असतो, पण राख फुकट आहे आणि ती पूर्ण ११० फुटांवर एकाच वेळी नजर ठेवते.

पहिल्या सकाळी राखेत उंदरांची रांगोळी होती आणि एका मांजराचे गोल पाय, नखं न उमटलेले. घरचीच मांजर.

दुसऱ्या सकाळी बाहेरच्या पट्ट्यात माग मिळाला. मावशी म्हणाल्या कुत्रा. मी त्यांना खाली बसवून दाखवलं. कुत्र्याचा पंजा फुगीर असतो, बोटं फाकलेली, आणि माग वाकडातिकडा, इथं हुंग तिथं हुंग. हा माग अरुंद, एकापुढे एक पाऊल टाकत सरळ रेषेत गेलेला. मधल्या दोन बोटांच्या गाद्या मुळाशी एकमेकींना जुळलेल्या दिसत होत्या. कुत्र्याच्या चारही सुट्या असतात. राख बारीक चाळली असेल तरच हा जोड दिसतो, जाड राखेत सगळे पाय सारखेच. कोल्हा जाळीला लागून पूर्ण तिन्ही बाजू चालला होता. उडी मारायचा प्रयत्न कुठंच नाही. प्रत्येक खांबापाशी थांबलेला, नाक खाली. मी घ्यायला लावलेल्या पाचव्या फुटाकडे त्याने मान वर करूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या सकाळी तो आत होता.

सहाव्या आणि सातव्या खांबाच्या मध्ये, नाल्याकडच्या कोपऱ्याजवळ, जाळीच्या खालच्या तारेला पिवळट करडे केस अडकले होते. जाळी आणि जमीन यांत चार बोटांची फट, आणि तिथंच पंजाने उकरून वीतभर केलेली. कपडे धुवायचा दगड त्याच कोपऱ्यात, सांडपाणी तिथंच मुरतं. उरलेल्या बांधावर एप्रिलची माती विटेसारखी टणक, नख लागणार नाही. या एका जागी लोण्यासारखी. एवढीच मऊ जागा त्याने अख्ख्या कुंपणात शोधून काढली होती.

माझी चूक इथं आहे. आपली माती काळी, भारी. पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या वावरातल्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो हे आपण सगळे जाणतो, मी तर वावरातच उभा असतो. तरी जूनमध्ये फुगलेल्या मातीवर जाळी टेकवून मी समाधानाने निघून गेलो. ती माती उन्हाळ्यात खाली बसली आणि जाळी होती तिथंच राहिली. मी सांदवाडीभोवती फिरत फट मोजली. बारा जागी दोन बोटांहून जास्त, तीन जागी चार बोटं. दोन खांबही नाल्याकडे कलले होते. काम पावसाळ्यात न करता एप्रिलमध्ये केलं असतं तर हे त्याच दिवशी दिसलं असतं.

आणि उन्हाळाच का, तर तोवर पऱ्हाटी उपटून होते, चना-गहू निघतो, वावरं उघडी पडतात, दडायला नालाच उरतो. त्यात माद्यांना पिल्लं असली तर पोटं जास्त.

पिल्लांचा गुन्हेगार मात्र चौथ्या दिवशी सापडला, तोही साडेदहा वाजता, भर उन्हात, मी चहा पीत बसलो असताना. चेनलिंकच्या तीन इंची भोकातून मुंगूस आत आलं, जणू त्याच्यासाठीच दार ठेवलंय. तुळशीवृंदावनामागून निघालं, एक पिल्लू मानेला धरलं आणि आल्या वाटेने परत. दहा सेकंद नसतील. मावशी ओरडेपर्यंत पांदण ओलांडली होती. कोंबडी पंख फुलवून जाळीवर धडका देत राहिली. उरलेली पिल्लं, गंमत म्हणजे, त्याच भोकांतून बाहेर पांदणीत गेली होती.

त्याला काय बोलावत होतं

हा भाग मला मावशींना सांगायला अवघड गेला. कोपऱ्यातल्या फटीतून तो आत आला, पण नाल्याच्या या काठाला मुळात का यायचा? गावात रविवारी कोंबड्या कापतात, त्याची पिसं-आतडी नाल्यात टाकतात. मावशींच्या घरी रोगाने मेलेल्या दोन कोंबड्या जानेवारीत त्याच नाल्यात गेल्या. शेजाऱ्याची गाय व्याली तेव्हा वार तिकडेच फेकली. कोल्हा मेलेलं आधी खातो, त्यात त्याला धोका नाही. त्याची रोजची वाट आपणच त्या कोपऱ्यापर्यंत आखून दिली आणि वाटेच्या शेवटी जिवंत कोंबड्या ठेवल्या. रात्री तर कोंबड्या बसायच्या कुठं? सात खुराड्यात, बाकीच्या लिंबाच्या खालच्या फांदीवर आणि बंडीच्या जुवावर.

वाडीत सांडलेल्या दाण्यांवर उंदीर आणि वेलावर काकड्या, हे आणखी. कोल्हा काकडीला राजी ही म्हण आपण माणसांना लावतो, पण ती कुणीतरी काकडीच्या वाडीत बसूनच केली असणार. चावलेल्या काकडीवर सुळ्यांची दोन भोकं आणि अर्धा भाग चिरडलेला, उंदराने कुरतडलेल्यासारखा नाही. बोराच्या दिवसांत नाल्याच्या दगडावर त्याची विष्ठा बघा, निम्म्या बोराच्या बिया असतात.

काय केलं

खुराडं आधी. खाली विटा अंथरून सिमेंटचा हात मारला, बाजूंना अर्धा इंची वेल्डमेश (जोडलेल्या तारांची ताठ चौकोनी जाळी), दाराला फिरवायची नाही तर उचलून घालायची कडी. कोंबडीजाळी, म्हणजे ती षटकोनी भोकांची पातळ जाळी, कोंबडीला आत ठेवायला आहे. कोल्ह्याला बाहेर ठेवायला नाही, दातांनी ओढली की उसवते. मावशींनी आठवडाभर दिवे लागणीआधी दाणे फक्त खुराड्यात टाकले, लिंबावर बसणाऱ्याही आत यायला लागल्या. एक लाल कोंबडी शेवटपर्यंत मानली नाही, तिला रोज हाताने धरून आत टाकावं लागायचं.

मग जाळीचा पाय. लोक विचारतात, खोल चर खणून जाळी उभी गाडायची का? लाल मुरमाड जमिनीत गाडा. काळ्या मातीत उभी गाडलेली जाळी उन्हाळ्यात मातीपासून सुटते आणि तिच्या कडेने आपोआपच भेग पडते, उकरणाऱ्याचं निम्मं काम झालं. आम्ही दोन फूट रुंदीची वेल्डमेश घेतली. तिचा सहा इंच भाग वर वाकवून चेनलिंकला दर हातभर अंतरावर बांधणीच्या तारेने आवळला, उरलेला दीड फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरला आणि वर दोन बोटं माती, त्यावर नाल्यातले दगड. माती बसली की ही जाळी तिच्याबरोबर बसते. आणि उकरणारा प्राणी जाळी जिथं जमिनीला मिळते तिथंच उकरतो. पंजाखाली तार लागली की थोडं बाजूला सरकून परत उकरतो. दीड फूट मागे सरून तिथून बोगदा काढावा हे त्याच्या डोक्यात येत नाही.

फाटकाखाली शहाबादी फरशीचा तुकडा बसवला. कपड्यांचा दगड घराच्या भिंतीकडे आणला, सांडपाणी केळीला सोडलं. मेलेलं जनावर किंवा कोंबडी आता कमरेइतक्या खड्ड्यात चुना टाकून पुरतात, निदान मावशी तरी. रविवारच्या कोंबडीवाल्याशी सरपंच बोलले. तो महिनाभर ऐकला.

जाळीचे पैसे मावशींनी दिले. मजुरी मी धरली नाही, धरता येण्यासारखी नव्हती.

झटका मशीन लावा असं मुलगा म्हणत होता. मी ती विकतो, तरी नको म्हटलं. झटका सेकंदाला साधारण एकदा, क्षणभराचा असतो, तो मारत नाही, आकड्याच्या करंटशी त्याचं नातं नाही. पण कोल्ह्यासाठी तार जमिनीपासून सहा इंचांवर लागते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे सहा इंच गवत चार दिवसांत होतं. गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो आणि बॅटरी बसते. उन्हाळ्यात उलटं, माती इतकी कोरडी की अर्थिंगच मिळत नाही, रोज रॉडपाशी पाणी ओतत बसा. दहा एकरांत डुकरांसाठी ते परवडतं. मावशींनी रोज विळा घेऊन तारेखाली बसावं अशी जागा ही नव्हे.

पिल्लांसाठी बिनतळाचा पिंजरा केला, चार फूट बाय तीन फूट, अर्धा इंची जाळीचा. पहिले दोन महिने पिल्लं कोंबडीसकट त्यात. रोज पिंजरा हातभर पुढे सरकवायचा, नवीन जागेवर किडे मिळतात. मुंगसाला यापेक्षा वेगळं उत्तर माझ्याकडे नाही.

एक गोष्ट बिघडली. जुलैत पांदणीने जाणाऱ्या बैलाचा खूर आडव्या जाळीच्या कडेत अडकला. बैल बिथरला, बंडी कलली, कुणाला लागलं नाही. कडा मी नुसत्या दगडांनी दाबल्या होत्या, आणि दगड पोरांनी नेले होते. नंतर सळईचे इंग्रजी यू आकाराचे आकडे करून दर दोन फुटांवर ठोकले. हे पहिल्याच दिवशी करायचं असतं.

आणि सप्टेंबरात एक कोल्हा दिवसाढवळ्या पांदणीत उभा होता, माणसं पाहून हलेना. पोरं टोपलं घेऊन पकडायला निघाली. मावशींनी काठी घेऊन पोरांनाच हाकललं आणि वनरक्षकाला फोन केला. भीती सुटलेला कोल्हा पिसाळलेला असू शकतो. चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून रेबीजची लस सुरू करायची, हळद-चुना काही लावायचं नाही.

या मार्चला

होळीच्या आठवड्यात मी परत गेलो, बांबूची काडी घेऊन. तोच कोपरा. चेनलिंक आणि जमीन यांत तीन बोटांची फट पुन्हा पडली होती, माती आपला धर्म सोडत नाही. पण आडवी जाळी तिच्यावर पोट टेकून बसली होती आणि पावसाळ्यातल्या हरळीची वाळकी मुळं तिच्या भोकांतून विणलेली. मावशींनी आदल्या संध्याकाळी स्वतःहून राख चाळून ठेवली होती. माग आला होता, जुळलेल्या गाद्यांचा, नाल्याकडून सरळ. कोपऱ्यात दोन बोटं खोल उकरलेलं, खाली तार उघडी पडलेली. त्याच्या बाजूला आणखी एक तसंच ओरखडणं. मग माग वळून पांदणीने वावराकडे गेलेला.

"दोनदा पाह्यलं त्यानं," मावशी म्हणाल्या. त्यांनी सकाळीच मोजलं होतं.

वर्षभरात मोठी कोंबडी एकही गेली नाही. दोन पिल्लं गेली, पिंजरा सरकवताना खाली फट राहिली त्या दिवशी. कोंबड्या आता २१ आहेत. लाल कोंबडी अजून हाताने धरावी लागते.

परवा रात्री पुन्हा फोन आला. वानरांचा कळप नाल्यावरून लिंबावर, लिंबावरून वाडीत उतरला. टमाटर, वांगी, पोपटाच्या शेंगा, तासाभरात साफ. एक मोठा वानर पाचव्या फुटावर, जाळीच्या वरच्या तारेवर बसून काकडी खात होता.

"भाऊ, वरून कायची जाळी लावता येते काय जी?"

सकाळी पाहतो म्हणालो. अजून गेलो नाही.